तेलकाकीची जबानी

तेलकाकी तेलाचं तपेलं घेऊन फाटकाशी येऊन बसली की भट्टीवरचं काम सुटलं असं समजायचं. मालकाने एकदा हौसेने भोंगा बसवून पाहिला होता, पण त्या भोंग्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. तो वाजला तरी माणसं मान वर करून आधी काकीची जागा बघत, आणि ती रिकामी दिसली तर पुन्हा फावडं उचलत. शेवटी भोंग्यात चिमण्यांनी घर केलं आणि काकी होती तिथेच राहिली.

चुनाभट्टीवरच्या माणसाने घरी जाऊन सरळ अंगावर पाणी ओतून चालत नाही. भट्टीतून निघालेला कळीचा चुना म्हणजे भाजून निघालेला, तहानलेला दगड. पाणी दिसलं की तो उकळतो, मग ते पाणी बादलीतलं असो नाहीतर घामाचं. म्हणून आधी कपडे झटकायचे, कोरड्या फडक्याने अंग पुसायचं, मग तेल चोळायचं, परत पुसायचं, आणि त्यानंतर पाणी. नव्याने लागलेला एखादा शहाणा पहिल्याच दिवशी हौदावर जाऊन बसायचा आणि पाठीची सालटं निघाली की बोंबलत काकीकडे यायचा. काकी त्याला तेल लावता लावता त्याच्या साऱ्या खानदानाचा उद्धार करायची.

त्या संध्याकाळी साळुंकी सगळ्यांच्या शेवटी आली. साळुंकी म्हणजे काकीची मुलगी. पाणी मारून विरवलेला चुना चाळायचं काम तिच्याकडे होतं. लहानपणापासून तिच्या तोंडाची टकळी बंद म्हणून नसायची, त्यावरून हे नाव पडलेलं. चाळण हलवता हलवता ती इतकं बोलायची की बाकीच्या बाया म्हणत, हिच्या तोंडात चुना कसा जात नाही? थंडी सरल्यापासून मात्र ती गप्प होती. वाक्य सुरू केलं की मध्येच खोकला यायचा, म्हणून तिने वाक्य सुरू करणंच सोडून दिलं होतं.

काकीने तिला पाठमोरी बसवली आणि तेलाचा हात फिरवला. एरवी हात सरळ घसरत जायचा. आज तो बरगड्यांवरून अडखळत गेला.

"जेवतेस का नाही तू?"

"जेवते की."

"काय जेवतेस? पाखरासारखं टिपतेस."

साळुंकी हसायला गेली आणि खोकली. खोकताना तिने फडकं तोंडाशी धरलं, आणि नंतर ते उघडून न बघताच चुरगाळून कमरेला खोचलं.  असंच फडकं खोचताना काकीने आणखी एका माणसाला पाहिलं होतं.

तो माणूस म्हणजे तिचा धाकटा दीर. गेल्या थंडीत तो गेला.

दोन वर्षांमागे तपासणीची गाडी आली होती. पांढरीशुभ्र, अंगावर आरोग्यमंत्र्यांचा हसरा चेहरा रंगवलेला, आत छातीचा फोटो काढायचं यंत्र. गाडीबरोबर आलेल्या सिस्टरने उतरल्या उतरल्या नाक मुरडलं आणि सगळ्यांना अंघोळ करून यायला फर्मावलं. भट्टी पेटलेली, माणसं कामावरून तशीच उठून आलेली. काकी आडवी आली. "पाणी नाही लावायचं," ती म्हणाली, "भाजून निघतील." सिस्टरने कपाळावर हात मारला. मग माणसं झटकून, तेल लावून, तशीच गाडीत चढली. काकी तपेलं घेऊन गाडीच्या पायरीशी उभी होती.

पहिले चार-दोन फोटो निघाले आणि आतला फोटोवाला कुरकुरला. पांढरे ठिपके दिसताहेत, म्हणाला, पुन्हा काढावे लागतील. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. काकीला पायरीवरून त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. "चुना आहे असं धरू म्हणता?... पण साहेब, पुन्हा काढले तर... आजच सगळे संपवायचे? बरं. बरं साहेब." त्यानंतर काम कसं भराभर झालं. कुणाचाच फोटो पुन्हा काढला नाही. महिन्याभराने सगळ्यांना कळवण्यात आलं की छाती साफ आहे.

दिराला त्याचं कोण कौतुक. "वहिनी, सरकार म्हणतंय मी साफ आहे," तो म्हणायचा, "तुम्हीच आपल्या रोज अंघोळ कर म्हणून मागे लागता." पुढे खोकला लागला तेव्हाही त्याने हेच सांगितलं. अंग उतरलं, रक्त पडायला लागलं, तेव्हा त्याने सांगायचं थांबवलं. भट्टीच्या वस्तीत असं आणखी काही घरांत झालं. मग पेपरवाले आले, आरडाओरडा झाला, आणि मंत्री म्हणाले की चौकशी करू.

काकीचा नवरा फाटकाशी आला. भट्टी पेटवायचं आणि सांभाळायचं काम त्याचं, म्हणून त्याला सगळे मिस्त्री म्हणत. आगीकडे बघून बघून त्याचे डोळे कायमचे बारीक झाले होते.

"आली गं तुझी चौकशी," तो म्हणाला. "शाळेत बसणार आहे. सगळ्यांना बोलावलंय."

"माझी कशी? मी नेमली का?"

"कुणी नेमली ते बघायला जाऊ उद्या."

*

शाळेच्या मोठ्या खोलीत लहान पोरांचे बाक होते. भट्टीवरची मोठाली माणसं त्यावर बसली तर गुडघे हनुवटीला लागत होते. पुढे टेबल, टेबलामागे चौकशीचे अध्यक्ष. निवृत्त न्यायाधीश, चेहरा सज्जन, हात जरासा थरथरणारा. बाजूला आरोग्य विभागाने धाडलेला वकील. विभागातलं दुसरं कुणी आलेलं नव्हतं.

अध्यक्षांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, मोकळेपणाने बोला. मोकळेपणाने पहिली बोलली ती घणाबाई. तिचा नवरा दगड फोडायचा. तो गेल्यावर त्याचा घण तिने उचलला, त्याला वर्षही झालेलं नव्हतं.

"मंत्री कधी येणार?"

"त्यांना विनंती केली आहे," अध्यक्ष म्हणाले.

"आणि तो फोटोवाला?"

"त्यालाही विनंती केली आहे."

"आम्हाला नाही कुणी विनंती केली. आम्हाला आणायला मुकादम आला होता."

बाकांवर हशा पिकला. अध्यक्षांचे कान लाल झाले. पाण्याचा घोट घेऊन त्यांनी समजावून सांगितलं. या चौकशीला कुणालाही प्रश्न विचारता येतात. पण कुणाला हजर राहाच असं फर्मावता येत नाही. जुने फोटो विभागाकडे आहेत, ते मागितले आहेत, पण जबरदस्तीने ताब्यात घेता येणार नाहीत. तसा अधिकार या चौकशीला दिलेला नाही.

"कुणी दिला नाही?" मिस्त्रीने बसल्या जागेवरून विचारलं.

"ज्यांनी चौकशी नेमली त्यांनी."

"म्हणजे मंत्र्यांनीच."

 वकील खिडकीबाहेर बघत राहिला.

परतताना मिस्त्री म्हणाला, "माणूस चांगला आहे बिचारा. पण फावडं न देता भट्टी उपसायला पाठवलाय त्याला."

काकीचं लक्ष नव्हतं. तिची जबानी शेवटच्या दिवशी होती. पायरीवरून ऐकलेला तो फोन तिच्या डोक्यात घोळत होता. तो ऐकणारी ती एकटीच. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. साहेब लोक फोनवर बोलतातच. दीर गेल्यावर एक दिवस तपेलं घासता घासता तिला ते बोलणं शब्दन् शब्द आठवलं आणि तिच्या हातातली राख तशीच राहिली. तिने ते फक्त मिस्त्रीला सांगितलं होतं.

चौकशी चालू होती त्याच आठवड्यात ती साळुंकीला घेऊन मोठ्या दवाखान्यात जाऊन आली. आधी नाक्यावरच्या डॉक्टरने औषधाची बाटली दिलेली, तिचा काडीचा उपयोग झाला नव्हता. मोठ्या दवाखान्यातल्या बाईने काचेआडून नोंद बघितली. भट्टीवरच्या ना? तुमची छाती साफ लिहिलीय. पुढे पाठवायचं तर तपासणीच्या गाडीचा नवा शेरा लागेल.

"गाडी कधी येते?" काकीने विचारलं.

"ते आम्हाला कसं माहीत असणार?"

रांगेतल्या माणसांनी या दोघींच्या पांढऱ्या पडलेल्या नखांकडे बघून जरा अंतर ठेवलं होतं. साळुंकीने हात पदराखाली घेतले. हात लपवणारी ती पोरगी बघून काकीला त्या काचेवर डोकं आपटावंसं वाटलं, पण तिने काचेआडच्या बाईला हात जोडले आणि ती बाहेर आली.

*

मंत्र्यांचा माणूस आला तेव्हा भट्टीत नवे थर लावायचं काम चालू होतं. दगडाचा थर, कोळशाचा थर, वर पुन्हा दगड. मिस्त्री आत उतरून प्रत्येक दगड हाताने बसवत होता. वारा पडलेला, आणि आदल्या दिवशीची चुन्याची फक्की अजून हवेत तरंगत होती. झाडं, छपरं, कुत्री, सगळं एकाच रंगाचं झालेलं.

माणसाचा सदरा कडक इस्त्रीचा. मिस्त्रीने भट्टीतूनच त्याचं नाव ठेवून टाकलं: इस्त्री. मालक त्याच्या मागे मागे, हात बांधून. मालकाला असं हात बांधून उभं राहिलेलं काकीने कधी पाहिलं नव्हतं. तिने खुर्ची पुसून दिली. इस्त्रीने खुर्चीकडे एकदा बघितलं आणि तो उभाच राहिला.

"काकी, तुमची मुलगी आजारी असते म्हणे."

ती मोठ्या दवाखान्यात जाऊन आल्याचं याला कुणी सांगितलं, हे काकीला कळेना.

"खोकला आहे," ती म्हणाली.

"खोकला वाईट. वेळेवर बघायला हवं." तो थांबला. "गाडी मोकळी आहे सध्या. साहेबांच्या मनात आहे, पहिल्यांदा इथेच पाठवावी. सगळ्यांचे नव्याने फोटो, लगेच शेरा, लगेच औषध. पण चौकशी चालू असताना गाडी पाठवली तर लोक भलता अर्थ काढतात. चौकशी संपली की दुसऱ्या दिवशी गाडी तुमच्या दारात."

"चौकशी कधी संपेल?"

"ते तुमच्यावर आहे."

सळई दगडावर आपटल्याचा आवाज झाला. मिस्त्री भट्टीत उभा राहून ऐकत होता.

"माझ्यावर कसं?"

"त्या दिवशी लोकांना अंघोळ कुणी करू दिली नाही, एवढं तुम्ही सांगायचं. खरं तेच सांगायचं. सिस्टरने सांगितलं होतं, तुम्ही अडवलं. अंगावर चुना होता, म्हणून फोटो नीट वाचता आले नाहीत. यात खोटं काय आहे? कुणाचाच दोष नाही, कामाची रीतच तशी." त्याने बुटावरची फक्की रुमालाने झटकली. ती झटकून गेली नाही, उलट पसरली. "बाकी, फोटोवाला म्हणतो तुम्ही पायरीवर होता. पायरीवर उभं राहिल्यावर माणसाच्या कानावर नाही नाही ते पडतं. इथे यंत्राचा एवढा आवाज. नीट ऐकलं होतं की नाही, हे तुम्हाला तरी कसं सांगता येणार?"

तो गेल्यावर मालक मागे रेंगाळला. "काकी, मी काही बोलत नाही," एवढंच बोलून तोही गेला.

मिस्त्री वर आला. चेहरा काळा-पांढरा, डोळे लाल.

"सरळ नाही म्हण."

"आणि पोरीला काय सांगू?"

"त्या अध्यक्षाला फोनचं सांग. तो शोध घेईल."

"कसा घेईल? विनंती करून?" काकीचा आवाज चढला. "तो विचारणार, ते येणार नाहीत. तो परत विचारणार. इकडे हिच्या पाठीला बरगड्याच हाताला लागताहेत मला. तुम्ही कधी हात लावून बघितलाय?"

मिस्त्रीने बघितला नव्हता. त्याने हातातली सळई खाली ठेवली. हळूच म्हणाला, "धाकट्याचं काय मग?"

"धाकटा गेला," काकी म्हणाली. बोलताना तिला रडू फुटलं, आणि दिरासाठी ती मोकळेपणी रडली ती तेव्हाच. "तो गेला हो. ही आहे अजून."

साळुंकी चाळणीशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती जवळ आली आणि म्हणाली, "आई, माझ्यासाठी म्हणून काही..." पुढचं खोकल्यात गेलं. काकी तिथेच थांबली. खोकला संपेपर्यंत तिने नवऱ्याकडे टक लावून बघितलं. मिस्त्री मुकाट्याने परत भट्टीत उतरला.

*

शेवटच्या दिवशी शाळेची खोली गच्च भरली होती. मागे भिंतीला टेकून इस्त्री उभा होता, हाताची घडी घालून. आज काकीला बाकावर नाही, पुढे खुर्चीवर बसवलं. तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, आणि तेलाचा वास जावा म्हणून हात पुन्हा पुन्हा धुतले होते.

वकिलाने गोड आवाजात सुरुवात केली. त्या दिवशी सिस्टरने अंघोळ करायला सांगितलं होतं का? होय. मग केली का? नाही. कुणी अडवलं?

"मी."

खोलीत कुजबुज झाली. घणाबाईने झटक्याने मान वळवली.

"का अडवलं?"

काकीने चुन्याची, पाण्याची, तेलाची सगळी रीत सांगितली. वकील मान डोलावत ऐकत होता. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "आणि काकी, समजा अंघोळ केली असती. साबण लावून, घासून. तर सगळा चुना निघतो का हो?"

"छे!" काकी म्हणाली. हा प्रश्न सोपा होता.  "सगळा कुठला निघतोय साहेब. नखात राहतो, केसांच्या मुळाशी राहतो, कानात राहतो. भट्टीवरचा माणूस लग्नाला उभा राहिला तरी हळदीखालून पांढराच दिसतो. आमच्या अंगातला चुना आमच्याबरोबरच जायचा."

खोली हसली. आपल्या बोलण्याला लोक हसले म्हणून काकीलाही बरं वाटलं. वकीलसुद्धा हसला आणि खाली बसला. आता त्याला विचारायचं काही उरलं नव्हतं.

अध्यक्ष हसले नाहीत. 

"बाई, तुम्ही गाडीच्या पायरीशी उभ्या होता. फोटो पुन्हा काढायचे की नाही, यावर आत काही बोलणं झालेलं तुमच्या कानावर आलं का? विचार करून सांगा. मला पुढे कुणाला काही विचारायचं तर ते तुमच्याच उत्तरावरून विचारता येईल. दुसरं माझ्या हातात काही नाही."

काकीने मान वर केली. समोर अध्यक्षांचा थरथरणारा हात. मागे भिंतीला टेकलेला पांढरा सदरा. दाराशी मिस्त्री, आणि मिस्त्रीच्या खांद्याला धरून साळुंकी, तोंडाशी फडकं. खोकला आवरताना तिच्या गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. आपली आई बोलतेय, मध्ये आवाज नको, म्हणून ती पोर जीव खाऊन खोकला आवरत होती.

"यंत्राचा आवाज असतो साहेब," काकी म्हणाली. "काही ऐकू नाही आलं."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. "मग मला आणखी कुणाला विचारण्यासारखं उरत नाही," ते म्हणाले. दाराशी साळुंकीला खोकल्याची उबळ आली आणि ती बाहेर पळाली.

संध्याकाळी मालकाच्या ऑफिसातल्या टीव्हीवर मंत्री बोलले. चौकशी पूर्ण झाली. यंत्रणेचा दोष नाही. कामगारांच्या अज्ञानामुळे दुर्दैवी गोंधळ झाला, तरी सरकार मोठ्या मनाने नव्याने तपासणी करणार आहे. ऐकणारे एकेक करून बाहेर आले.

काकी तपेलं घेऊन फाटकाशी बसली होती. पहिला माणूस आला, त्याने आपल्या पिशवीतून तेलाची बाटली काढली, अंगाला चोळलं आणि निघून गेला. दुसऱ्याने त्याच्याच बाटलीतलं घेतलं. बाया आल्या, त्यांनी एकमेकींच्या पाठी चोळल्या. घणाबाई तर तेल न लावताच, पांढरी ती पांढरीच, तिच्या अंगावरून गेली. शेवटी मिस्त्री आला. काकीपुढे बसला, शर्ट काढला.

"लाव," तो म्हणाला. तपेलं काठोकाठ होतं.

*

गाडी शब्दाप्रमाणे आली. मंत्र्यांचा चेहरा नव्याने रंगवलेला, आता जास्तच हसरा. दुपारी मंत्री स्वतः येणार, पेपरवाल्यांसमोर कामगारांशी बोलणार, तोवर सगळ्यांची तपासणी संपली पाहिजे, असं इस्त्री फाटकाशी उभा राहून सांगत होता.

भट्टी मिस्त्रीने आधीच विझू दिली होती. चाळणं बंद, फोडणं बंद. सगळी माणसं झटकून, तेल लावून, पुसून हौदावर गेली आणि तीच ती सिस्टर समोर उभी राहून साबण वाटू लागली. काकीने साळुंकीला स्वतः न्हाऊ घातलं. नखं कापली. केस तीनतीनदा धुतले. कानाच्या पाळ्या, मानेची वळी, बेंबी, काही सोडलं नाही. लहानपणी घालायची तशी तिला दोन पायांवर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. साळुंकीला हसू आलं. "आई, सालं काढशील," ती म्हणाली. पुष्कळ दिवसांनी तिने पूर्ण वाक्य उच्चारलं.

रांग लागली. काकीकडे कुणी बघत नव्हतं, पण रांगेत साळुंकीला सगळ्यांनी पुढे जाऊ दिलं. घणाबाईनेच तिला खांद्याला धरून आपल्या पुढे घेतलं, काकीकडे पाठ करून.

काकी पायरीशी उभी राहिली. आज हातात तपेलं नव्हतं. आत फोटोवाला तोच होता. त्याने काकीला पाहिलं आणि नजर काढून घेतली. साळुंकी पाटावर उभी राहिली, छाती यंत्राला लावली, श्वास रोखला. तेवढाही तिला रोखवेना, दुसऱ्यांदा जमला.

फोटो समोरच्या पडद्यावर उमटला. बरगड्यांच्या आत, उजव्या बाजूला वर, पांढरा ढग होता. खाली आणखी बारके ठिपके. काकीला फोटो वाचता येत नव्हता. तिला फोटोवाल्याचा चेहरा वाचता आला.

तो सिस्टरकडे झुकून काहीतरी म्हणाला. सिस्टरने मान हलवली.

"चुना," ती म्हणाली. "साफ. पुढचा!"

काकीला वाटलं आपण चुकून दुसऱ्याचं ऐकलं. "अहो बाई, चुना कसा? आत्ता न्हाऊ घातलंय तिला. तुमच्यासमोर. भट्टी थंड आहे."

"धुतलं तरी निघत नाही ना?" सिस्टर वैतागून म्हणाली. "वरून तसंच कळवलंय आम्हाला. भट्टीवरच्या लोकांचे पांढरे डाग चुन्याचेच धरायचे. चौकशीत ठरलंय ते. तुमच्यातल्याच कुणा बाईने जबानी दिलीय."

फोटोवाल्याने मान खाली घातली. सिस्टरला माहीत नव्हतं ती बाई कोण. रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

 काकीने गाडीची मूठ धरली. लोक हसले होते ते तिला आठवलं, वकील हसून खाली बसला तेही आठवलं. तो तेव्हा का बसला हे तिला आत्ता कळलं. आपल्या तोंडाने आपण पोरीला साफ ठरवून बसलो. पोरीलाच नाही, या रांगेतल्या सगळ्यांना.

"त्या दिवशी फोन आला होता," ती म्हणाली. आधी पुटपुटल्यासारखं, मग गाडीच्या पत्र्यावर हात आपटून, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं. "मी ऐकलं होतं! हा पुन्हा काढतो म्हणत होता. ह्याला फोन आला, चुना म्हणून लिही आणि आज संपव. मी इथे उभी होते. मी खोटं बोलले तिथे. पोरीसाठी बोलले!"

 इस्त्री फाटकाकडून झपाझप येत होता. "काकी, चौकशी संपली," तो लांबूनच म्हणाला. "आता बोलून काय उपयोग? ऐकायला कोण आहे इथे?"

फोटोवाल्याचा हात बटणावर तसाच होता. 

"पुढचा!" सिस्टर ओरडली. "वेळ नाहीये. साहेब निघालेत."

पुढचा नंबर घणाबाईचा होता. तिने एक पाऊल टाकलं, आणि पायरीपुढे आडवी उभी राहिली. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती सिस्टरकडे बघत राहिली. तिच्यामागे मिस्त्री होता, तो हलला नाही. त्याच्यामागे बाया, चाळणीवाल्या, कोळसा वाहणाऱ्या, ओले केस पाठीवर सोडलेल्या. त्याही हलल्या नाहीत.

"अरे पुढे चला ना! काय झालं?" इस्त्रीने एकाच्या दंडाला धरलं. दंड साबणाने अजून बुळबुळीत होता, हातातून सटकला.

दूर रस्त्यावर धुरळा उठला. मंत्र्यांचा ताफा येताना दिसत होता, पुढे मालकाची गाडी आणि तिच्यामागे पोलिसांची. काकीने तिकडे पाहिलं, मग घणाबाईकडे. घणाबाई अजून तिच्याकडे बघत नव्हती. तशीच उभी राहून ती फक्त एवढंच बोलली, "चढव तिला परत. खरं लिहीपर्यंत पुढचा नाही."

"पुढचा!"

काकीने साळुंकीचा हात धरला आणि तिला पुन्हा पाटावर नेऊन उभं केलं.